आई-वडिलांचा कॅन्सर आणि चार माणसांची मदत: नाशिकमधल्या कुटुंबांसाठी

कॅन्सरचं निदान झालेल्या घरात पहिल्या आठवड्यात येणारा जवळजवळ प्रत्येक जण जाताना म्हणतो, "काही लागलं तर हक्काने सांगा." बहुतेक जण ते मनापासून म्हणतात. तरी तिसऱ्या केमोनंतर प्लेटलेट्स घसरतात, रात्री दहाला दाता शोधायची वेळ येते आणि फोन कुणाला करायचा ते सुचत नाही. माणसं तिथेच असतात. त्यांना काम, तारीख आणि वेळ सांगितलेली नसते, एवढंच. "बाबांसाठी मदत हवी आहे" या निरोपाला हात जोडलेली चित्रं येतात. "गुरुवारी सकाळी साडेनऊला बाबांना सिडकोतून मुंबई नाक्याला दवाखान्यात सोडायचंय, दीड वाजता परत आणायचंय, गाडी कोण देईल?" याला तासाभरात दोन-तीन होकार येतात. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती आहे.

आधी पेशंटशी बोला

आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरांत आईला किंवा वडिलांना आजाराचं नाव सांगत नाहीत. ते बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवा. मदत मागायची असेल तर मात्र ते लपत नाही. ग्रुपवर निरोप गेला की भजनी मंडळातली कुणीतरी दुसऱ्या दिवशी येऊन आईसमोर डोळे पुसते, आणि जे मुलांनी सांगायला हवं होतं ते परक्याकडून कळतं. म्हणून निरोप बाहेर जायच्या आधी तीन प्रश्न पेशंटलाच विचारा: कुणाला कळलेलं चालेल, किती सांगायचं, आणि कुणाची मदत अजिबात नको. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी "तुझ्या काकाकडून एक रुपया घ्यायचा नाही" असं येतं. कारण न विचारता ते पाळा. फोटो वापरायचा असेल तर तोही दाखवून विचारा. केस गेलेले, नळ्या लावलेले फोटो वडील बरे झाल्यावरही लोकांच्या मोबाइलमध्ये फिरत राहतात.

लोकांच्या खिशाआधी योजना

लोकांकडून पैसे मागायच्या आधी हक्काचं काय मिळतं ते बघून घ्या. नाहीतर मधेच कुणीतरी विचारतो, "अहो, पण महात्मा फुलेमधून होत नाही का?" आणि सगळ्या ग्रुपला शंका येते.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. केमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया यांची पॅकेजं ठरलेली आहेत. वय ७० किंवा जास्त असेल तर उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघतं. योजनेतल्या रुग्णालयात "आरोग्यमित्र" नावाचा माणूस बसतो. भरती होण्याआधी किंवा झाल्या झाल्या त्याला भेटा, कारण मंजुरी आधी लागते आणि तुम्ही भरून टाकलेलं बिल नंतर परत मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. शंका असेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर विचारा. कोणती तपासणी किंवा कोणतं औषध पॅकेजमध्ये बसत नाही, हे आरोग्यमित्राकडून कागदावर लिहून घ्या. लोकांकडे मागायची रक्कम त्यातूनच ठरणार आहे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला असाल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील त्यात येऊ शकतात. त्यांची नावं कार्डावर आहेत का ते आजच बघा. निदान झाल्यावर घाईने नाव चढवायला जाणारे बरेच असतात.

शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आणि त्र्यंबक रोडचं सिव्हिल ही दोन सरकारी दारं आधी ठोठवा. खासगीतच जायचं ठरलं तर ते धर्मादाय रुग्णालय आहे का ते विचारा. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री सहायता निधीलाही तोच लागतो (वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत), शिवाय रुग्णालयाचं एस्टिमेट, आधार, रेशनकार्ड आणि रिपोर्ट. खासगी रुग्णालयाचं एस्टिमेट असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनची प्रमाणित सही हवी. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि उपचार होऊन गेल्यावर केलेला अर्ज बाद होतो. दाखल्याला आठवडा लागू शकतो, म्हणून पहिल्याच दिवशी सेतूत किंवा 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवर अर्ज टाका. ग्रुपमधल्या एका माणसाला द्यायचं हे पहिलं काम: "उद्या सेतूत जाऊन दाखल्याचं बघशील का?"

दोन माणसं नेमा

पेशंटची काळजी घेणाऱ्यानेच फोन घेणं, हिशेब ठेवणं आणि माणसं नेमणं हे महिनाभरात कोलमडतं. दोघे वेगळे हवेत. एक समन्वयक, जो कामं वाटतो आणि बातमी देतो. दुसरा हिशेबनीस, जो पैशांची वही बघतो. दोघेही घरातले नसले तर उत्तम. निवृत्त बँक कर्मचारी, शाळेतल्या मॅडम, सोसायटीचे सेक्रेटरी, असे पाच वर्षं मेंटेनन्सचा हिशेब ठेवलेले लोक या कामाला फार उपयोगी पडतात. पुण्यात किंवा परदेशात असलेल्या भावाला इथे प्रत्यक्ष यायला जमत नाही आणि म्हणून तो रोज फोन करून सल्ले देतो. त्याला विम्याचे अर्ज, औषधांच्या किमतींची चौकशी आणि रिपोर्ट स्कॅन करून ठेवणं द्या. सल्ले आपोआप कमी होतात.

व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप करा. पहिला फक्त बातमीचा, त्यात समन्वयकच लिहील. दुसरा कामांचा, त्यात होकार दिलेले दहा-पंधरा जण. एकच ग्रुप केला तर "लवकर बरे व्हा" च्या साठ निरोपांखाली उद्याच्या गाडीचा निरोप गाडला जातो.

निरोप कसा लिहायचा

नमुना असा:

"१२ तारखेपर्यंतच लागू. बाबा (बी पॉझिटिव्ह) दवाखान्यात दाखल आहेत. एसडीपी (मशीनवर एकाच दात्याकडून घेतलेल्या) प्लेटलेट्ससाठी २ दाते हवेत, उद्या सकाळी ९ वाजता. वय १८ ते ६०, वजन ५० किलोंच्या वर, गेल्या ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्याची गोळी घेतलेली नको. अर्धा दिवस जाईल. नेण्या-आणण्याची सोय आहे. फोन फक्त समन्वयकाला. मिळाले की इथेच 'झालं' असं लिहू."

या निरोपातली सगळ्यात महत्त्वाची ओळ पहिली. तारीख नसलेला रक्ताचा निरोप वर्षभर फिरतो. चार महिन्यांनी मालेगावहून कुणीतरी फोन करतं, तोवर पेशंटची अवस्था काहीही झालेली असते आणि तो फोन घरातल्यांना उचलावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे "झालं". दाते मिळाल्यावर ते लिहिलं नाही तर चार माणसं सुट्टी टाकून उगाच रक्तपेढीत येतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

आजाराचा तपशील किती द्यायचा? अवयवाचं नाव आणि पुढचा टप्पा पुरे. रिपोर्टचे फोटो टाकू नका. त्यावर नोंदणी क्रमांक, पत्ता, वय सगळं असतं, आणि शिवाय ग्रुपमधला प्रत्येक जण डॉक्टर होतो.

रक्त आणि प्लेटलेट्स

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. म्हणून दात्यांची यादी गरज पडण्याआधी, पहिल्या केमोच्या आठवड्यातच तयार करा. वहीत पाच रकाने: नाव, फोन, रक्तगट, वजन, शेवटचं रक्तदान कधी. गावाकडचे, मित्रमंडळातले, गणेश मंडळातले पंचवीसेक जण लिहिले की त्यातले सात-आठ ऐनवेळी खरे उरतात.

साधं रक्त द्यायला वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ लागतं. दोन दानांत पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचं अंतर हवं. प्लेटलेट्सचं गणित वेगळं आहे. साध्या रक्तातून काढलेल्या पिशवीला आरडीपी म्हणतात. मशीनवर एकाच दात्याकडून घेतात ती एसडीपी, आणि एक एसडीपी साधारण सहा आरडीपींच्या बरोबरीची पडते. एसडीपी दात्याच्या स्वतःच्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर लागतात आणि हाताच्या शिरा ठळक लागतात. त्याच्या तपासण्या आधी होतात, त्यात तीन-चार तास जातात, मग तासाभराहून जास्त मशीनवर बसावं लागतं. तपासणीत तो बाद होऊ शकतो, म्हणून एका पिशवीसाठी दोन दाते बोलवा. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस टिकतात, आधी भरून ठेवता येत नाहीत. मात्र तोच दाता ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणखी एक गैरसमज. "मी मुलगा आहे, माझंच रक्त द्या." सख्ख्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्वचित पेशंटच्या शरीरावरच उलटतात. म्हणून असं रक्त आधी विकिरणित करून (किरणांनी त्या पेशी निकामी करून) घ्यावं लागतं. बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर नात्यातलं रक्त टाळायलाच सांगतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय भावाबहिणींनी रक्तदानाची रांग लावू नये. मुलाने दुसऱ्या कुणासाठी रक्त देऊन पेढीतून बदली पिशवी घेणं जास्त सोयीचं.

शहरात जनकल्याण, अर्पण आणि सिव्हिलच्या पेढ्या आहेत. ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर साठा दिसतो, पण तो आकडा बघून निघू नका, आधी फोन करा. पेढीच्या बाहेर कुणी पैसे घेऊन दाता देतो म्हणाला तर तिथून निघा. पैसे घेऊन रक्त देण्यावर १९९८ पासून बंदी आहे आणि असं रक्त धोक्याचंही असतं.

पैसे

रुग्णालयाकडून लेटरहेडवर, शिक्क्यासह एस्टिमेट घ्या. त्यातून योजना आणि विमा वजा करा. उरलेल्यात लोक विसरतात तो खर्च मिळवा: पेट स्कॅन, पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं, प्रवास, मुंबईतला मुक्काम, आणि घरातला एक पगार बंद होणार असेल तर तो. ही झाली खरी तूट.

सगळी तूट एकदम मागू नका. केमो साधारण २१ दिवसांनी एक, अशी सहा चक्रं धरली तर प्रकरण चार-सव्वाचार महिने चालतं. "१२ लाख हवेत" हा आकडा ऐकून पाचशे रुपये देऊ शकणारा माणूस लाजून गप्प बसतो. "पुढच्या दोन केमोसाठी ७० हजार कमी पडतायत" म्हटलं की तोच माणूस पाचशे पाठवतो, आणि दोन महिन्यांनी पुन्हा मागायचा रस्ता मोकळा राहतो.

जमेल तेवढे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात, पेशंटचा नोंदणी क्रमांक टाकून भरायला सांगा. एक तर विश्वास बसतो. दुसरं, तुमच्या खात्यावर भार येत नाही: नात्याबाहेरच्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५० हजारांहून जास्त आले तर ती पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. सख्खे भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या हे कायद्याने नातेवाईक. चुलतभाऊ आणि मित्र नाहीत. रक्कम मोठी असेल तर आधी सीएशी बोला. रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत आहे, त्यामुळे बहुतेकांना अडत नाही. रोख मात्र २ लाख किंवा त्याहून जास्त एकदम भरता येत नाही. गावाकडून पिशवीत आणलेली रक्कम काउंटरवर अडते ती इथे.

घरच्या खात्यात पैसे घ्यायचेच असतील तर वेगळं बचत खातं उघडा आणि हिशेबनिसाच्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे "मदत" किंवा "उसने" हे त्याच वेळी लिहा. सहा महिन्यांनी आठवण प्रत्येकाची वेगळी असते. दर रविवारी ग्रुपवर तीन आकडे टाका: जमा, खर्च, शिल्लक. कुणी किती दिले ते टाकू नका. आकडे वाचून लोक एकमेकांशी तुलना करतात, कमी दिलेला पुढच्या वेळी तोंड चुकवतो.

ऑनलाइन मदतमोहीम काढायची तर प्लॅटफॉर्मचं शुल्क, जाहिरातीचा वाटा आणि पैसे किती दिवसांत निघतात हे तीन प्रश्न आधी. क्यूआर कोड चित्रात टाकताना खाली खातेदाराचं नाव लिहा. फॉरवर्ड होता होता दुसराच कोड चिकटवल्याचे प्रकार होतात.

निफाड-दिंडोरीकडच्या भाऊबंदांकडे मागायचं असेल तर वेळ बघा. ऑक्टोबर छाटणीत द्राक्षवाल्याच्या हातात पैसा नसतो, उलट कर्ज असतं. फेब्रुवारी ते एप्रिल माल निघताना असतो. छाटणीत त्याच्याकडे पैशाऐवजी जीप मागा. आणि जमीन विकायचा निर्णय पहिल्या पंधरा दिवसांत घेऊ नका. त्या दिवसांत घरातलं कुणीच भाव करण्याच्या मनःस्थितीत नसतं.

ने-आण आणि मुंबई

रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, बऱ्याचदा पाच ते सात आठवडे चालतं. म्हणजे पंचवीस ते पस्तीस फेऱ्या. मशीनवर दहा-पंधरा मिनिटं, पण सगळा प्रकार दोन-तीन तासांचा. इतक्या फेऱ्यांसाठी मित्रांचं वेळापत्रक लावणं हा आमच्या मते व्याप आहे. कुणीतरी आजारी पडतं, कुणाची मीटिंग निघते. ओळखीचा एक रिक्षावाला महिन्याने ठरवा आणि मित्रांकडून त्याचे पैसे घ्या. मित्रांची गाडी केमोच्या दिवसासाठी राखा, तेव्हा परतताना पेशंटला आडवं व्हावंसं वाटतं. गाडीत दोन प्लास्टिक पिशव्या, पाणी, नॅपकिन आणि एक जुनी उशी असू द्या.

टाटाला परळला जायचं असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरता येतं. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, तर सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला तिकीट खिडकीवर लागतो. गाडीने जाणाऱ्यांना इगतपुरीहून समृद्धी धरता येते. हाडात दुखणं असलेल्या पेशंटला कसाऱ्याच्या वळणांपेक्षा ती बरी. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही कॅन्सर रुग्णांच्या ओळखीची ठिकाणं. दोन्हीकडे जागा लगेच मिळेल असं धरून जाऊ नका. दवाखान्याची कागदपत्रं सोबत ठेवा, आणि ग्रुपमधल्या कुणाचे नातेवाईक मध्य रेल्वेच्या मार्गावर राहतात ते आधीच विचारून ठेवा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या स्नानांचे दिवस तपासूनच तारखा घ्या. पंचवटी-रामकुंड भागात राहणाऱ्यांनी त्या दिवसांत आदल्या रात्रीच दुसऱ्या बाजूच्या नातेवाइकांकडे जावं.

डबा आणि भेटायला येणारे

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. हे दिवस कॅलेंडरवर लाल करा आणि ग्रुपवर आधीच सांगा: या आठवड्यात भेट नाही, फोनही समन्वयकालाच. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखाना. त्या रात्री गाडी कोण काढेल त्याचं नाव लाल आठवड्याच्या आधी ठरलेलं हवं.

डबा देणाऱ्यांना जिन्नस सांगा. मऊ मुगाची खिचडी, पेज, नाचणीची आंबील, साधं वरण, पूर्ण शिजवलेलं अंडं. थोडं-थोडं, पाच-सहा वेळा. फोडणीच्या वासाने मळमळतं म्हणून स्वयंपाक शेजारी झालेला खरंच बरा. आठवड्याला दोन घरं पुरेत, रोज चार डबे आले तर निम्मं जनावरांना जातं आणि देणाऱ्याला ते कळतंच. लाल आठवड्यात कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं, उघड्यावरची मिठाई, पंचामृत नको. प्रसाद नाकारायला जड जातं. तो कपाळाला लावून घरातल्या दुसऱ्याने खावा.

औषधं सुचवणारे येतीलच. गुळवेल, काढे, अमक्या गावचा वैद्य. वाद घालू नका. "डॉक्टरांना विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच विचारा, कारण गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि यकृत बिघडलं की पुढची केमो लांबते.

दुसरा महिना

पहिल्या पंधरा दिवसांत मदतीचा पूर येतो आणि दुसऱ्या महिन्यात सामसूम होते. म्हणून सुरुवातीला येणाऱ्यांतले निम्मे "तुमचा नंबर सहाव्या आठवड्यात" असं सांगून राखून ठेवा, तारीख वहीत लिहा. लोकांना ते खटकत नाही. उलट सुटका झाल्यासारखं वाटतं.

घरी सतत असणाऱ्या माणसासाठी, बहुतेक वेळा ती सून किंवा मुलगी असते, आठवड्यातून दोनदा तीन तासांची सुट्टी वेळापत्रकातच घाला. त्या वेळात शेजारच्या काकू बसतील, आणि ती बाहेर जाईल किंवा नुसती झोपेल. रात्रीची जागरणं लागोपाठ दोनपेक्षा जास्त एकाच माणसाला देऊ नका. ब्यूरोकडून आया घ्यायची तर बारा तासांची की चोवीस, पेशंटला उचलणं आणि स्वच्छता त्यात धरली आहे का, हे आधी बोलून घ्या.

आजार आटोक्यात येण्यासारखा नसेल तर मदतीचं स्वरूप बदलतं. सिव्हिलमध्ये पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांची चौकशी करा. दुखणं थांबवणं हा उपचारच आहे, आणि मॉर्फीन सुरू झालं म्हणजे सगळं संपलं असं नसतं. मॉर्फीनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, नाहीतर नवीनच दुखणं उभं राहतं. फाउलर कॉट (डोक्याची बाजू वर-खाली करता येणारी खाट), एअर मॅट्रेस, व्हीलचेअर विकत घेऊ नका. रुग्णोपयोगी साहित्य अनामत भरून वापरायला देणाऱ्या संस्था आणि भाड्याने देणारी दुकानं आहेत. साहित्य आणायला आणि परत न्यायला टेम्पो लागतो, तो ग्रुपमधून मागा.

साहित्य परत केल्याची पावती, अनामत मिळाल्याची नोंद आणि शेवटचा हिशेब एकाच दिवशी ग्रुपवर टाका. शिल्लक रक्कम देणाऱ्यांना विचारून दुसऱ्या रुग्णाच्या खात्यात भरा. उरलेल्या गोळ्या मात्र कुणालाही देऊ नका, मॉर्फीन तर जिथून घेतलं तिथेच परत करा. मग ग्रुप बंद करा.